भामाची अंडी

हसायचं तर हसा, पण त्या दिवसापासून मी पुट्टी खरवडायची पट्टी हातात धरलेली नाही.

माझ्या ताईने एक किडा पाळला होता, पुढचे पाय जोडून नमस्कार केल्यासारखा बसतो तो हिरवा. आमच्या इथे तेलुगूत त्याला गोल्लभामा म्हणतात, म्हणून ताईची ती भामा. भामाचं पोट फुगलं आणि तेव्हाच ताईला दवाखान्यात न्यावं लागलं. जाताना म्हणाली, "बरणीत खरबरीत काडी उभी ठेव, त्यावर ती अंडी घालेल. बाकी कशाला हात लावू नको. एकदा तरी ऐक माझं."

काडी ठेवली. चार दिवसांनी बघतो तर काडीवर फेस येऊन वाळलेला. मी अंबरपेठेत रंगकाम करतो. भिंतीवर काही फुगलेलं दिसलं की खरवडल्याशिवाय आमचा हात थांबत नाही. पट्टीने काडी गुळगुळीत केली आणि ताईला फोन लावला.

"ताई, काडीला बुरशी आली होती, चकाचक केली!"

ती म्हणाली, "वेड्या, तीच अंडी होती रे." मला रडू फुटलं, तर ती हसली. "नक्को रडू. ती परत घालते. मी आल्यावर दोघं बघू."

ताई आलीच नाही.

तेराव्याच्या सकाळी भामाने झाकणाला अंडी घातली. आई म्हणाली, "पाहुणे येतील, तेवढं पुसून घे." मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. या वेळी ताईचं ऐकलं, पण बघायला मी एकटाच होतो.