उपयोग नसलेली खुर्ची

अधिकारी : तुमचं म्हणणं मला पटतं हो, पण या शिल्पावर माणूस बसलाय.

शिल्पकार : ते माझे वडील आहेत.

अधिकारी : प्रश्न नात्याचा नाही, बसण्याचा आहे. कलावस्तूला करमाफी आहे, वर अनुदान आहे. फर्निचरला दोन्ही नाही, उलट मागचा सगळा कर भरावा लागतो. आणि कलेची खूण नियमात एकच दिली आहे. तिचा कुणाला काडीचाही उपयोग होता कामा नये.

वडील : मग याची बाकीची कामं बघा की, साहेब. तो कोपऱ्यातला लाकडी गोळा बघा. इतकी वर्षं पडलाय, कुणाच्या कधी उपयोगी पडला असेल तर शपथ.

शिल्पकार : बाबा.

वडील : अरे, तुझीच बाजू घेतोय.

अधिकारी : गोळा पास झालाय. अडलंय ते खुर्चीवर. एक वस्तू उपयोगी निघाली की अख्खा माणूस सुतार ठरतो.

शिल्पकार : आणि मी सुतार ठरलो की कामाची ही खोली जाते. भाडं अनुदानातूनच निघतं, साहेब.

अधिकारी : जाणतो. म्हणून तर सांभाळून विचारतोय. मागच्या गल्लीतल्या गायिकेचं काय झालं ठाऊक आहे ना? माझ्यासमोर अंगाई म्हणाल्या आणि मूल झोपलं. माफी गेली.

शिल्पकार : म्हणजे त्यानं झोपायचं नव्हतं?

अधिकारी : जागं राहिलं असतं तर निर्भेळ कला होती. त्यांच्या शेजारी तो चित्रकार. त्याचं चित्र भिंतीवरून उतरवलं, तर मागं ही एवढी ओल.

वडील : मग?

अधिकारी : चित्र ओल झाकत होतं. उपयोग सिद्ध झाला. चित्र तसं उत्तम होतं, ओल जरासुद्धा दिसत नव्हती.

शिल्पकार : साहेब, असं केलं तर? बाबा शिल्पाचाच भाग आहेत. शिल्पाचं नाव 'बसलेला माणूस'.

अधिकारी : चालेल की. मग ते सरकारी दालनात ठेवावं लागेल. अखंड.

वडील : तिथं जेवायला देतात का?

अधिकारी : शिल्पांना नाही देत. धूळ मात्र रोज पुसतात.

वडील : इथं तेवढंही होत नाही. मी जातो.

शिल्पकार : बाबा, थट्टा पुरे झाली.

अधिकारी : दुसरा एक मार्ग आहे. आजोबांनी उठायचं. मी इथं आहे तोवर खुर्चीवर कुणी बसलं नाही, तर 'कला' असं लिहून मी मोकळा.

वडील : हात्तिच्या, एवढंच ना. धर रे हात.

शिल्पकार : आणि तुमची पाठ? उभं राहवत नाही तुम्हाला. दुसऱ्या कशावर बसवतही नाही.

वडील : पाठ माझी आहे, पोटापाण्याचं तुझं आहे. धर म्हणतो ना.

(वडील भिंतीला धरून उभे राहतात. अधिकारी रिकाम्या खुर्चीभोवती सावकाश फेऱ्या मारतो.)

शिल्पकार : झालं का, साहेब?

अधिकारी : अजून थोडं. रिकामी छान दिसते हो. आता कुठं कला वाटायला लागली.

शिल्पकार : बाबा, घाम फुटलाय तुम्हाला.

वडील : उकडतंय.

शिल्पकार : पाय लटपटतायत.

वडील : माझे पाय मी बघतो. तू खुर्चीकडं बघ, कुणी बसत नाही ना.

शिल्पकार : साहेब, खुर्ची आहे ती. खुर्ची म्हणूनच लिहा.

अधिकारी : विचार करा. एकदा लिहिलं की तुम्ही सुतार. ही खोली जाईल, अनुदान जाईल, आणि मला खोडता यायचं नाही.

शिल्पकार : जाऊ दे. बाबा, बसा.

वडील : गाढवा, मग इतका वेळ मला उभं कशाला केलंस?

शिल्पकार : चुकलं माझं. बसा आधी. सावकाश.

अधिकारी : ठीक आहे. आता उपयोग काय, तेवढं सांगा. लिहावा लागतो.

शिल्पकार : बाबांनाच विचारा.

वडील : लिहा. यानं माझं माप घेतलं नव्हतं. टेप लावली नाही की काही विचारलं नाही. तरी माझी पाठ जिथं वाकते, बरोबर तिथंच लाकूड वाकलंय. इतकं निरखून माझ्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं, साहेब. याच्या आईनंसुद्धा नाही.

अधिकारी : हे उपयोगाखाली लिहिता येत नाही, आजोबा.

वडील : मग नका लिहू. त्यानं ऐकलं ना, बास.