सुक्या मासळीवरची सीडी

मी पूर्णगडची. वडील होडीवर, आई मासे सुकवायची, आणि अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीला टायपिंगच्या क्लासला जायला लागल्ये तेव्हा वाडीतल्या बायका बोलायच्या, हिच्या बोटांचा मासळीचा वास जाईल तेव्हा खरं. नाय गेला, आणि काय सांगू तुम्हाला, त्या मासळीनेच पुढे माझी अब्रू राखलीन.

चार-पाच वर्षांनी गावातच तीन कॉम्प्युटर मांडून इंटरनेटचं दुकान काढलं. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात, तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी माझ्याकडे पाय ठेवायला जागा नाय. बायका बोलायच्या, मी टाईप करायची, उत्तर आलं की वाचून दाखवायची. सगळ्या घरांतलं मला ठाऊक, पण कुठे ब्र काढला नाय.

शेजारच्या हलिमाचाचीचा इक्बाल कुवेतला. शुक्रवारी दुपारी तासभर तिकडच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन बसायचा. चाची दर वेळी एकच, लिही, सगळं बरं हाय. डोळ्यांना दिसेनासं झालं तरी सगळं बरं. मग त्याने कळवलंन, येत्या शनिवारी पुढल्या तीन वर्षांच्या नोकरीच्या कागदावर सही करायची हाय. चाची मला बोलली, ह्या शुक्रवारी त्याला ये म्हणून सांगणार.

आता माझा गाढवपणा ऐका. त्याच शुक्रवारी सकाळी दुबईवरून आलेला पाहुणा खजूर आणि गाण्यांची सीडी घेऊन आला. तिकडून आलेल्याने प्रेमाने दिलेलं नको म्हणायची आमच्यात रीत नाय. खजूर वाटावेत तशी ती सीडी मी तिन्ही मशिनींत फिरवली. दुपारपर्यंत तिन्ही आडव्या. व्हायरस हो. मशिनींतली सिस्टिम कुणाकडून तरी चोरून कॉपी मारलेली, मग बोंबलायचं कुणाकडे? चाची दारात उभी, इक्बाल तिकडे बसलेला.

तेव्हा आठवलं, क्लासच्या सरांनी मासिकाबरोबर आलेली लिनक्स म्हणून फुकटच्या सिस्टिमची सीडी दिलेली, बोलले होते, ही नुसती घातली तरी मशीन चालते, डिस्कला हात लागत नाय. आणि ती कुठे, तर अंगणात दोरीला, सुकत घातलेल्या बांगड्यांवर, कावळे लांब राहावेत म्हणून, रद्दी सीड्यांबरोबर टांगलेली. धावत गेल्ये, तोडून आणली, पदराने पुसली, घातली. पहिल्यांदा घेतलं नाय. परत पुसली. मग घरघर झाली, पडदा उजळला, मोडेमसुद्धा ओळखलंन. खोलीभर बांगड्याचा वास.

इक्बालने लिहिलंन, अम्मा, सही करू काय? चाची बोलली, लिही, मला आता दिसत नाय, तू ये. उत्तर आलं, तू हे कधी बोलतेस त्याचीच वाट बघत होतो.

मग तिन्ही मशिनींवर मी लिनक्सच टाकलं. शिकायला महिना गेला, नाय असं नाय. कोण बोलतं, ह्याच्यात अमका गेम नाय, मी सांगत्ये, मग दुसरीकडे जा बाबा. माझी कॉपी चोरीची नाय, कुणाला हवी तर राजरोस करून देत्ये. आणि हिला ते व्हायरस लागत नायत, पाहुणा कसलीही सीडी आणू दे, या बसा म्हणायला मला भीती वाटत नाय.

इक्बाल आला, चाचीचं ऑपरेशन केलंन, आता इथेच होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. चाचीचं आता आखातात कुणी नाय, तरी शुक्रवारी येते, मशिनीवर हात ठेवून दुवा देते, चालत राहा गं बाय. ती सीडी मी परत टांगली नाय. कावळे दोन बांगडे नेतात, नेऊ देत.