तिसऱ्या पंगतीची ग्रेव्ही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापकसाहेब, सन्माननीय पाहुणे, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या तिसऱ्या पंगतीच्या मंडळींनो,

साहेबांनी आत्ता माझ्या ग्रेव्हीचं तोंडभरून कौतुक केलं. अठ्ठावीस वर्षं या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये राबले, पण ते ऐकायला निवृत्त व्हावं लागलं. असो, आभारी आहे.

ग्रेव्ही म्हणजे काय हो? घरी आपण रस्सा म्हणतो, इथे फळ्यावर ग्रेव्ही लिहितो. अर्थ मात्र ज्याच्या त्याच्या ताटाप्रमाणे. पहिल्या पंगतीला साहेबलोक, त्यांना मटणाचे तुकडे. दुसरीला यंत्रावरची माणसं, त्यांना बटाटे आणि मटणाचा एखादा तुकडा. तिसरीला झाडूवाले, हमाल आणि आम्ही. आम्हाला तळाची ग्रेव्ही, तीही पाणी घालून वाढवलेली.

मग मी एक उद्योग केला. थोडं मटण आधीच बाजूला काढायचं, पार विरघळेपर्यंत शिजवायचं आणि साहेबांची पंगत उठली की ग्रेव्हीत घोटून टाकायचं. दिसायला नुसती ग्रेव्ही, पण पोटाला आधार!

एके दिवशी माझा अंदाज चुकला. पहिल्या पंगतीला तुकडे कमी पडले. साहेब, आठवतं? तुम्ही स्वयंपाकघरात येऊन ओरडलात, "मटण गेलं कुठे?" मी तोंड उघडायच्या आत भांडी घासणाऱ्या आक्का म्हणाल्या, "मी नेलं घरी."

धादांत खोटं! तुम्ही त्यांना त्याच दिवशी काढलंत. आणि मी? मूग गिळून बसले. माझी लेक तेव्हा कॉलेजात होती, आक्कांना ते ठाऊक होतं. जाताना एवढंच म्हणाल्या, "ग्रेव्ही पातळ करू नकोस गं."

नाही केली. पण अकरा वर्षं ती ग्रेव्ही माझ्याच घशाखाली धड उतरली नाही. लाज वाटते मला.

परवा आजच्या पाहुण्यांच्या यादीत मी आक्कांना घाला म्हटलं. साहेब म्हणाले, "चोरीचा डाग लागलेल्या बाईला कसं बोलवायचं?" म्हणून सगळ्यांदेखत सांगते, मटण आक्कांनी नेलं नव्हतं. मी काढलं होतं, रोज काढत होते. तुम्ही दिलेलं घड्याळ टेबलावर ठेवलंय, परत हवं असेल तर घ्या.

या सन्मानाबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. आक्कांची माफी मात्र त्यांच्या दारात उभं राहून मागायची आहे, म्हणून जेवायला थांबत नाही.