मावशींचा एसी

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. कंपाउंडर गोळ्या मोजता मोजता बाकावरच्या दोघी मैत्रिणींचं बोलणं ऐकत होता.

“अकरा वर्षं झाली आमच्या एसीला. अजून खोली कशी गारेगार करतो!”

“एवढ्या धुळीत?”

“दर रविवारी त्याची जाळी मी स्वतः धुते. सावलीतच वाळवते हं! पहिल्यांदा उन्हात ठेवली, तर पार वाकडी झाली होती.”

“म्हणजे मेकॅनिकची गरजच नाही म्हण.”

“छे, दर उन्हाळ्यात बोलावते की! तो एसी उघडतो, आत बघतो आणि म्हणतो, ‘मावशी, तुम्ही मला कामच ठेवलं नाहीत.’”

“मग बोलावतेस कशाला त्याला?”

“अगं, घरातलं कुणी मान वर करून बघतं का? वर्षातून एकदा तरी जाणत्या माणसानं माझं काम बघायला नको?”