चालू गाडीवर काढलेली पट्टी

बोला, देवाचं नाव एकदा छाती भरून बोला! ... हां. मागची रांग अजून जेवणाच्या गुंगीत आहे. असू द्या, होईल जागी.

मंडळी, आज एक साधाच प्रश्न विचारतो. माणूस आतून भरलेला आहे की रिकामा, हे बघायचं कधी? मांडी घालून, डोळे मिटून गप्प बसलेला असताना? की धावपळीत, डोकं तापलेलं असताना? सांगा की! ... का गप्प? उत्तर येत नाही म्हणून, की शेजारी बायको बसलीय म्हणून? मृदंगवाले हसू नका, तुमच्या घरचं मला ठाऊक आहे!

मग ऐका. पुराणातलं आख्यान नाही हे. आपल्याच तालुक्यात घडलेलं आहे. आणि ह्यात चुकणारा माणूस कोण, तेही आधीच सांगून टाकतो — मी! हा फेटा बांधून तुमच्यापुढं उभा आहे ना, तोच!

आपल्या हंचाटे डॉक्टरीणबाई! डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. पण डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर बाळंतपण म्हटलं की बाई हजर! कशा? स्वतः गाडी चालवत! आता क्लच दाबायला डावा पाय लागतो. म्हणून बाईंनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लचच नाही! गिअर गाडीचे गाडीच बदलते. अठरा वर्षं झाली त्या गाडीला. रंग उडाला, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही — पण वस्तीवरची कुत्री त्या गाडीवर भुंकत नाहीत! एवढी ओळखीची.

चैत्रात बाई देवळापुढं थांबल्या. म्हणाल्या, "बुवा, चढाला इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढं जाईना. तुम्हाला गाड्यांतलं कळतं ना?"

कळतं ना? अहो, कीर्तनात पडायच्या आधी अकरा वर्षं ट्रॅक्टर हाणलाय मी! मला कळत नाही असं मी म्हणेन? चारचौघांत? मी ऐटीत म्हटलं, "बाई, इंजिन बंद करा. पाच मिनिटं तेल खाली बसू द्या." ट्रॅक्टरचं तेल आम्ही असंच बघायचो. मग गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी ओढली, ह्याच उपरण्याला पुसली, परत घातली, परत काढली. तेल खुणेपर्यंत! म्हटलं, "निर्धास्त जा बाई. काठोकाठ आहे!"

आणि बाई गेल्या. कीर्तनकारावर विश्वास ठेवून गेल्या हो!

आषाढात भर दुपारी घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी थांबली. इंजिन चालू, चाकं जागच्या जागी. वर वस्तीवर एक पोर अडलेली. बाई काठी टेकत रस्त्यावर उभ्या राहिल्या. दुधाचा टेंपो आला म्हणून वेळेवर पोचल्या. आई वाचली, बाळ वाचलं. पण टेंपो आला नसता तर? मंडळी, हा "तर" अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

घरी बाईंचा धाकटा भाऊ अण्णा चिडला. "ताई, पुरे आता! ही गाडी मोडीत घाल. ड्रायव्हर ठेवू, नाहीतर दवाखान्यात बसून जेवढं होईल तेवढं कर."

बाई काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, "अण्णा, ह्या गाडीत बसले की मला दोन पाय असतात. ते काढून घेऊ नकोस."

भावाचे डोळे भरले. त्यानं शेवटचं म्हणून दोन गॅरेज पालथी घातली. एक म्हणाला, "जुन्या गिअरबॉक्सला हात लावू नका. नवीन तेल गेलं की मरतोच." दुसरा म्हणाला, "हात्तिच्या! मशीन लावतो, एका तासात जुनं तेल धुऊन बाहेर, चकचकीत सिंथेटिक आत." आता ऐकायचं कुणाचं?

शेवटी गाडी ओढत नेली स्टँडमागच्या सिद्राम मिस्त्रीकडं. सत्तरीचा गडी. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलणं इतकं कमी की समोरच्याला वाटावं, रागावलाय! मीही सोबत गेलो होतो. सिद्राममामांनी दोन्ही सल्ले ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्येला भ्या वाटतंय आन ह्येला घाई झालीया. गाडीकडं कुणी बघितलंच न्हाई. पट्टी कुणी काढली हुती?"

मी छाती पुढं काढून म्हटलं, "मी!"

"इंजान चालू ठिऊन, का बंद करून?"

"बंद करून! तेल बसू दिलं की चांगलं!"

मामा हसले नाहीत. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी सुरू केली, तापू दिली. ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून एकदा फिरवला. आणि इंजिन चालूच ठेवून पट्टी काढली. काय दिसलं? टोकाला नुसता ओलावा! काळा! वास कसा? करपलेल्या फोडणीचा!

"बुवा, इंजानाचं त्याल बंद करून बगायचं. ह्या बॉक्साचं चालू असताना. बंद केलं की वरचं समदं खाली येऊन बसतंय, आन पट्टी भरल्याली दिसती."

मंडळी, मला जमीन दुभंगावी असं झालं. गिअरबॉक्सच्या बुडाचं पॅकिंग झिरपत होतं, तेल महिनोन्महिने कमी होत होतं — आणि मी काठोकाठ म्हणून शिक्का मारला होता!

मामांनी खालची ताटली उतरवली. तिच्यात लोहचुंबक असतं, झिजलेलं लोखंड त्याला चिकटतं. त्यावरचा काळा चिखल मामांनी दोन बोटांत घेतला. डोळे मिटले. आपल्या घरात आजी पीठ तपासते ना, तसा चोळला. बाईंचा हात काठीवर घट्ट. खडे लागले म्हणजे आतली चक्रं तुटतायत, मग संपलं!

मामा म्हणाले, "पीठ हाय. खडा न्हाई. जगंल."

बाई तिथंच पायरीवर बसल्या आणि रडल्या. काय ते ज्ञान, मंडळी! कुठल्या पोथीत आहे? त्या दोन बोटांत होतं!

मग मामांनी भिंगातून गाडीचं पुस्तक वाचलं, त्यात लिहिलेल्याला जुळणारंच सिंथेटिक तेल मागवलं. घाटाच्या उष्णतेत टिकणारं. नवं पॅकिंग, तेल गाळायची नवी जाळी. पण ताटली उतरवली तरी निम्म्याहून जास्त तेल आतच राहतं. भाऊ म्हणाला, "मामा, मशीननं सगळंच काढा ना!"

"अठरा वर्सं त्या तेलात रुळलाय त्यो. एकदम उपसलं तर बिथरंल. जेवढं आपसूक येतंय तेवढं काढू, तेवढंच नवं घालू. हप्ताभर चालवा. मग परत. तीन डाव."

आणि आपण? एकादशीला उठून म्हणतो, आजपासून राग बंद! साफ बंद! आणि द्वादशीला भाजीत मीठ कमी — ताट भिंतीवर! मशीन लावलं होतं ना, एका तासात! मामांनी लोखंडाला जेवढा वेळ दिला, तेवढा आपण स्वतःला देत नाही हो.

पहिल्या आठवड्यात इंजिनाचं ओरडणं थांबलं, पण गाडी गिअर घेताना थबकायची, मग हिसका. भाऊ म्हणाला, "झालं, संपलं." मामा म्हणाले, "चालवा." दुसऱ्या आठवड्यात हिसका गेला, थबकणं राहिलं. मामा म्हणाले, "चालवा." तिसरा डाव झाला, आणि रविवारी सकाळी बाईंनी गाडी घाटाला घातली. बाईंच्या शेजारी मामा, मागच्या सीटवर मी. तिसरं वळण आलं. बाईंनी ओठ आवळले, मी देवाचा धावा सुरू केला! आणि गाडी? लोण्यातून सुरी जावी तशी चढली! वर पोचल्यावर बाई मोठ्यानं हसल्या. शाळकरी पोरीसारख्या!

माथ्यावरच्या सपाटीला मामा म्हणाले, "बाई, इंजान चालू ऱ्हाऊ द्या. बुवा, काढा पट्टी."

मी! मी काढायची! पुसली, घातली, काढली. तेल नव्यासारखं लालभडक, बरोबर खुणेवर. मामा पहिल्यांदा हसले आणि एवढंच म्हणाले, "बसल्या जागी समदंच भरल्यालं दिसतंय, बुवा."

त्या खांबाजवळ बघा — मांडीवर बाळ घेऊन बसलीय ती. श्रावणात हे बाळ वरच्या वस्तीवर जन्मलं. बाई स्वतः गाडी हाकत पोचल्या, टेंपोची वाट न बघता! बघा, बाळ माझ्याकडंच बघतंय. माझं माप घेतंय!

तर मंडळी, आता प्रश्नाकडं या. इथं मंडपात, पंख्याखाली, टाळाच्या नादात तुम्ही सगळे भरलेले दिसता. मीही दिसतो! इंजिन बंद आहे ना आपलं. ही पट्टी खरी धरू नका. उद्या सकाळी नळाला पाणी नसेल, पोरगं उलट बोलेल, म्हातारी तीच गोष्ट पाचव्यांदा सांगेल — तेव्हा, तापलेलं असताना, चालू असताना हळूच काढा पट्टी. किती ओलं आहे ते बघा. कमी असेल तर लाजू नका, थोडं काढा, थोडं घाला, परत चालवा.

मी रोज काढतो. खरं सांगू? अजून खुणेला पोचलेलं नाही. पण आता मोजतो चालू असताना.

उचला टाळ!