रेखाचे चौदा गुण

आमचं घर मूळ तलासरीच्या पूर्वेकडचं, डोंगराच्या अंगाला, भात आणि नागलीची शेती, आणि त्या घरातला शाळेत टिकलेला पहिला मी. पुढे विज्ञानाचा मास्तर झालो, आशागडला घर बांधलं, आणि काय सांगू तुम्हाला, माझी रेखा दहावीला माझ्याच वर्गात आली.

शिक्षक खोलीत थट्टा चालायची. मास्तर, घरचा पेपर घरीच तपासा, वर चहा पण मिळेल. सगळे हसायचे, मीही हसायचो, पण ते मनात राहायचं. शेतातून वर आलेला माणूस नावाला फार जपतो. म्हणून कुणाला न सांगता मी एक नेम धरला, रेखाला जेवढे पडतील त्यातले थोडे कापायचे. वर्षभर कापत आलो. लोक म्हणायचे, मास्तर कडक हं, पोटच्या पोरीलाही सोडत नाही. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

प्रात्यक्षिकाचे वीस गुण शाळेतच द्यायचे असतात. चुन्याच्या निवळीचा प्रयोग, दोघींची जोडी, रेखा आणि तिची मैत्रीण मनीषा. एकच नळी, एकच निवळी, एकच उत्तर. मनीषाला अठरा लिहिले, रेखाला चौदा.

डहाणूच्या कॉलेजात विज्ञानाची यादी लागली, त्यात मनीषा अगदी तळाशी, रेखा नाहीच, दोन गुण कमी पडले. नर्स व्हायचं होतं तिला. घरी येऊन विचारलं, बाबा, त्या प्रयोगात माझं काही चुकलं होतं का? मी म्हटलं, थोडंसं. ती बरं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कला शाखेचा फॉर्म भरून आली.

पुढे चिखल्याला दिली, संसार नीट केला, आणि मागच्या वर्षी काविळीने गेली. सांगायचं राहिलं. दर सणाला यायची, दर वेळी वाटायचं आज सांगू, मग जेवणं व्हायची, भांडी व्हायची, ती निघायची.

दिवसकार्याला मनीषा आली, आता ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, सर, तो प्रयोग सगळा रेखानेच केला होता, मी नुसती नळी धरली होती, तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. मग मी तिला माझं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा, कुणाला तरी. 

तरी येते महिन्यातून एकदा, बीपी बघते. गोळ्या घेताय ना सर, विचारते. घेतो म्हणतो. जाताना वाकते, तेव्हा डोक्यावर हात ठेवतो, सुखी राहा बाई म्हणतो. दुसरं काय देणार आता.