ग्लेझ्ड हॅमचा आग्रह

...अन् वरून मलेच म्हणतात, "जावईबापू, गोवऱ्या ओल्या काहून आणल्या?" आता तुम्हीच सांगा! मी मिहानमधल्या कंपनीत एसीत बसून कम्प्युटरवर काम करणारा माणूस, नाताळची एक सुट्टी मिळाली, वाटलं होतं उन्हं वर येईपर्यंत झोपू, बायकोच्या, सोनिकाच्या हातचे तर्री-पोहे खाऊ... अन् मी काय करून राहिलो? तं स्कूटरवर शेणाच्या गोवऱ्यांचं पोतं टाकून धरमपेठेच्या सिग्नलवर उभा! बाजूच्या कारमधले लोक लाल टोप्या घालून, नटूनथटून चर्चले चाललेले, त्यांतली एक पोरगी माझ्या पोत्याकडे पाहून नाक दाबून राहिली. आता तिले काय सांगू? बाई, हेसुद्धा नाताळाचंच सामान आहे म्हणून?

कोणासाठी म्हणता? आमच्या सासऱ्यांसाठी! वामनराव. मी त्यांले मामाजी म्हणतो. माणूस लाख आहे, पण एक गोष्ट तुम्हाले सांगून ठेवतो. त्यांच्या टकलावर हसा, त्यांच्या स्कूटरवर हसा, त्यांच्या जावयावर हसा, ते स्वतःही हसतात, पण त्यांच्या मटणावर हसू नका! काळा मसाला स्वतः भाजणार, स्वतः पाट्यावर वाटणार, मिक्सर लावला तं म्हणतात मसाल्याचा जीव जाते. रविवारी त्यांनी गंजावरचं, म्हणजे पातेल्यावरचं, झाकण काढलं का आमच्या अख्ख्या ले-आउटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, लोकांले त्यांच्याकडे काहीतरी काम निघते. कोणाले पाना पाहिजे, कोणाले शिडी पाहिजे, अन् हातात वाटी असते!

अन् ह्या मटणावर हसलं कोण? श्रीधरराव! बाजूच्या घरातले, मामाजींच्याच ऑफिसातले, एकाच दिवशी रिटायर झालेले. अहो, ह्या माणसाच्या घरी बायकोच्या, यमुकाकूंच्या, स्वयंपाकघरात लसूणसुद्धा विचारून आत येते, म्हणून जन्मभर हा माणूस आमच्या मामाजींच्या मागच्या अंगणात पाट टाकून जेवला! जेवण झालं का लवंग चावायची, शर्टाची बाही हुंगून पाहायची, अन् सत्यनारायणाले जाऊन आल्यासारखा चेहरा करून घरी. यमुकाकूंले सगळं ठाऊक, पण त्या दाखवत नाहीत. नळी कोणाले? श्रीधरले. कलेजी कोणाले? श्रीधरले. घरचे पोट्टे ताटं घेऊन बसले राहायचे, तरी पहिली पळी श्रीधरले!

तं हा माणूस गेला कॅनडाले, पोराकडे, केयूरकडे, सहा महिने. अन् परत आला तो असा का तुम्हाले सांगतो, इथल्या थंडीले थंडी म्हणेना, इथल्या संत्र्याले संत्रं म्हणेना! अन् एका रविवारी, ले-आउटमधली चार घरं जेवायले बसलेली, मामाजींनी प्रेमानं नळी वाढली, तं यांनी एक घास घेतला, रुमालानं कपाळ पुसलं, अन् असे डोळे बारीक करून म्हणतात...

"वामन, राग मानू नको गा, पण तुझ्या हातची बकरी दोनदा मरते. एकदा खाटकाकडे, अन् एकदा तुझ्या मसाल्यात! तिकडे मांसाची मूळ चव राखतात. नाताळात ग्लेझ्ड हॅम करतात, ग्लेझ्ड हॅम! डुकराची अख्खी मांडी, खारवलेली, वरून मधाचा मुलामा, आरशासारखी चकाकते! जिभेवर ठेवली का विरघळली! ते आपल्या इकडे कोणाच्यानं व्हायचं नाही."

अन् लोक हसले! मामाजींचंच मटण तोंडात, अन् मामाजींवरच हसले! मामाजींनी पळी खाली ठेवली, हात धुतले, अन् आत जाऊन पडून राहिले. भलतं जिव्हारी लागलं हो त्यांच्या.

त्या दिवसापासून घरात एकच जप. सकाळी दात घासून राहिले... तोंडात फेस, अन् मधेच, "बकरी दोनदा मरते म्हणे!" बँकेत पासबुक भरायले उभे... "दोनदा मरते म्हणे!" देवाची घंटा वाजवून राहिले, आरती अर्ध्यावर सोडून सासूबाईंले म्हणतात, "काय वं, दोनदा मरते का?" सासूबाई म्हणाल्या, "आधी निरांजन फिरवा, मंग मारा!"

अन् मंग ठरलं. म्हणाले, "जावईबापू, नाताळाले हॅम करायचं. ह्याच अंगणात, त्याच चार घरांसमोर. त्या श्रीधरच्या तोंडात मी हॅम घालीन, अन् त्याच तोंडातून काढून घेईन का वामन, मी चुकलो!"

मी म्हटलं, "मामाजी, कायले?" म्हटलं, "आपण कणकेचे रोडगे करू, वांग्याची भाजी करू..."

तं माझ्याकडे असं पाह्यलं जसं मीच कॅनडाहून आलो!

बरं, हॅम आणायचं कोणी? मी! सदर बाजारात जाऊन एका कोल्ड स्टोरेजवाल्याकडून अख्खी मांडी आणली. मामाजींच्या घरी येतो तं सासूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. "माझ्या स्वयंपाकघरात ते येणार नाही. माझं भांडं मिळणार नाही, माझी शेगडी मिळणार नाही, अन् माझ्या कुकरकडे पाहायचंसुद्धा नाही!" मंग मामाजींनी नवीन गंज घेतला. पण ओव्हन कुठं आहे? म्हणून दिवाळीत नानकटाईचे ट्रे भाजून देते त्या बेकरीत गेले, मांडी बगलेत मारून! तो बेकरीवाला हात जोडून म्हणाला, "काकाजी, माझ्याकडे केकसुद्धा बिनअंड्याचा असते हो..."

पण सूडाले पेटलेला नागपुरी माणूस थांबते का? म्हणाले, "रोडगे कशावर भाजतो आपण? गोवऱ्यांवर! मंग डुकराले काय सोन्याची भट्टी पाहिजे?" अंगणात खड्डा केला, गोवऱ्या रचल्या, खाली निखारे, वर गंज, गंजावर जाड झाकण, झाकणावर परत निखारे. धूर असा का समोरच्या मिनलताई फोन करून विचारून राहिल्या, "काय जळलं हो?" मामाजी म्हणतात, "अजून नाही. संध्याकाळी जळन!"

पण खरी गोष्ट आदल्या दिवशीच होऊन गेली होती. मांडी कागदातून काढली, धुतली, अन् मामाजींनी काय केलं असन? आपल्याकडे मांस घरात आलं का माणूस काय करते? विचारसुद्धा करत नाही, हात आपोआप डब्याकडे जाते... हळद अन् मीठ! चांगलं मूठ-मूठ घेऊन, रगडून-रगडून, आतल्या हाडापर्यंत! मी तिथंच उभा होतो. म्हटलं, "मामाजी, हे आधीच खारवलेलं असते. मिठातच मुरवून ठेवतात. मी मोबाईलवर व्हिडिओ पाह्यला, त्यातली बाई वरून मीठ घालतच नाही..."

मामाजी थांबले. माझ्याकडे पाह्यलं. अन् अगदी हळू आवाजात म्हणाले, "दुर्गेशराव, तुमच्या घरी मांसाले मीठ लावत नाहीत का?"

आता घराण्यावरच आलं म्हटल्यावर मी काय बोलू? मी म्हटलं, "लावतात न." म्हणाले, "मंग?" अन् अजून एक मूठ!

त्यावर सुरीनं शंकरपाळ्यासारखे काप पाडले. प्रत्येक कापाच्या मधात एक-एक लवंग खोचली. आता वरून मुलामा. संत्र्याचा रस, गूळ अन् मध आटवून असा पाक केला का वासानं माझ्याच तोंडाले पाणी सुटलं. पण कापांच्या आत? आत काय भरलं? तुम्ही नागपूरचे, तुम्हाले सांगायले पाहिजे का... सावजी मसाला! बोटानं दाबून-दाबून! म्हणतात, "वरून कॅनडा, आतून नागपूर! जिभेवर विरघळते म्हणे... आता जीभच विरघळली पाहिजे!" अन् परत, "बकरी दोनदा मरते म्हणे!"

अन् चव पाह्यली कोणी? कोणीच नाही! सासूबाई शिवणार नाहीत, मी हिंमत करणार नाही, अन् मामाजींनी फक्त पाक चाटला. पाक गोड!

झालं. चार घरं जमली. यमुकाकू आत सासूबाईंपाशी बसल्या, तिथं सासूबाईंनी सगळ्यांसाठी पाटवडी-रस्सा केलेला, बिचारी शहाणी बाई. अन् अंगणात मामाजींनी झाकण उचललं... अन् खोटं काहून बोलू, अशी चकाकली ती मांडी, अशी चकाकली का लोकांनी मोबाईलच काढले! श्रीधररावांचा चेहरा पडला. मी पाह्यला. मामाजींनी तं पोटभर पाह्यला.

आतापर्यंत आपलं अरे-तुरे होतं बरं का दोघांचं. पण मामाजी वाकले, मोठा जाड तुकडा त्यांच्या ताटात वाढला, अन् म्हणाले, "घ्या, श्रीधरराव! आपण जाणकार. आपणच सांगावं." मामाजी कोणाले 'आपण' म्हटले का समजायचं, हे युद्ध आहे.

श्रीधररावांनी घास घेतला.

अन् मी तुम्हाले काय सांगू... आधी भुवया वर गेल्या. मंग खाली आल्या. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी तरारलं, गळ्याचं हाड वर-खाली, वर-खाली... अन् तो माणूस घास गिळून म्हणते, "वा... अगदी... अगदी असंच असते तिकडे!"

टाळ्या! अहो, टाळ्या वाजल्या! मामाजींची छाती फुगली, जिंकलो म्हणाले, अन् त्या आनंदात त्यांनी स्वतः एक तुकडा तोंडात टाकला. अन् गेले हो! समुद्राचं पाणी परवडलं! जीभ लाकडाची झाली, वरून सावजीचा जाळ. माझ्याकडे वळून कानात म्हणतात, "जावईबापू, हे तं मीठच आहे! अन् हा असंच असते म्हणते?"

तेवढ्यात मी पाणी आणायले आत गेलो, तं यमुकाकू सासूबाईंले सांगून राहिल्या, अगदी सरळ मनानं, "नाही वं कुसुम, तिकडे कुठलं मटण नि कुठलं काय! आमची सून अबोली, तिच्या घरात अंडंही चालत नाही. सहा महिने दहीभात खाल्ला ह्यांनी. त्या मांसाच्या दुकानाच्या काचेसमोर मात्र तासन् तास उभे राहायचे."

मी धावत येऊन मामाजींच्या कानात सांगितलं. अन् तुम्हाले सांगतो, त्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला न, तो माझ्या लग्नातही नव्हता! दुसरा कोणी असता तं तिथंच ओरडून सांगितलं असतं, हा खोटारडा आहे म्हणून. पण मामाजी जुने खेळाडू. त्यांनी आपलं सगळ्यात जालीम हत्यार काढलं... आग्रह!

"श्रीधरराव, हे काय? ताट रिकामं? तुम्हाले तं सवय आहे! हा एक केयूरच्या नावाचा!"

"नको, नको, पोट भरलं..."

"हा सूनबाईंच्या नावाचा! घ्या, माझ्या गळ्याची शपथ! हा एक कॅनडाच्या नावाचा!"

आता आपल्याकडे आग्रहाले नाही म्हणता येते का? अन् 'खारट आहे' म्हणावं तं 'असंच असते' म्हणून बसलेला! गिळते आहे, पाणी पिते आहे, गिळते आहे... अन् मामाजी वाढताना पुटपुटतात, "दोनदा मरते म्हणे... दोनदा!" बाकीची मंडळी? एक-एक कण चाखून कधीच आत पाटवडीवर पळाली होती.

पण श्रीधररावही काही कमी नाहीत. पाचव्या तुकड्याले त्यांनी मामाजींचा हात धरला. डोळे लाल, आवाज बसलेला, म्हणतात, "वामनराव, यजमान उपाशी अन् पाहुणा जेवते? हे पाप मी करणार नाही. हा घ्या, वहिनींच्या नावाचा!"

मामाजींनी खाल्ला. मंग मामाजींनी वाढला, श्रीधररावांनी खाल्ला. मंग यांनी वाढला, त्यांनी खाल्ला. "हा सोनिकाच्या नावाचा!" "हा आपल्या ऑफिसच्या नावाचा!" "हा आपल्या दोस्तीच्या नावाचा!" दोघांच्या डोळ्यांतून धारा, अन् आतून बाहेर आलेल्या मिनलताई पदर डोळ्यांले लावून म्हणतात, "जीव किती आहे हो एकमेकांवर!"

बरं, तिथं संपलं असतं तं मी तुमच्यासमोर कायले रडलो असतो? अजून अर्धी मांडी बाकी आहे! खराब होईल म्हणता? कशी होईल? मीठ इतकं आहे का माशी बसत नाही! मागच्या अंगणात गंजात झाकून ठेवली आहे. अन् रोज संध्याकाळी श्रीधरराव येतात, पाट टाकतात, मामाजी समोर बसतात, दोन तुकडे कापतात, एक याले, एक त्याले. बोलणं नाही, चालणं नाही. जो आधी खारट म्हणेल तो हरला! सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, बीपी वाढलं दोघांचं. तुम्ही शिकलेसवरलेले, तुम्हीच समेट करा."

गेलो न मी काल. म्हटलं, आज सरळ सांगून टाकतो, हे खारट आहे, मिटवा आता. पाटावर बसलो. मामाजींनी माझ्याही ताटात तुकडा वाढला. मी खाल्ला. अन् दोघांनी एकदम मान वर केली, चार डोळे माझ्यावर, अन् मामाजी म्हणतात, "जावईबापू, खरं सांगा. मीठ कसं आहे?"

आता खारट म्हणावं तं सासरा हरते. अन् सासऱ्याले हरवलं तं बायको घरात घेत नाही. बरोबर आहे म्हणालो असतो तं सुटलो असतो हो! पण घाबरला माणूस, तोंडातून निघून गेलं... म्हटलं, "मामाजी, थोडं कमीच वाटते."

सासूबाई आतून आल्या. मिठाची बरणी माझ्यासमोर ठेवली, अन् तिथंच उभ्या राहिल्या.

घेतलं न मंग. वरून चिमूटभर... अन् मामाजी म्हणाले, "लाजू नका, अजून घ्या."